आठ काढून झाला, आता गाडी कुठली?

ओरोसच्या परिवहन कार्यालयात किंवा तालुक्याला भरणाऱ्या शिबिरात पाय न टेकवता आठचा आकडा काढला, की पक्कं लायसन्स मिळतं. परीक्षेला बहुतेक जण घरची, नाहीतर शेजाऱ्याची शंभर सीसीची गाडी नेतात. कार्डावर नोंद होते 'गिअर असलेली मोटारसायकल'. भारतीय कायद्यात एवढी एकच पायरी आहे. अठरा वर्षं पूर्ण झालेला मालवणचा मुलगा स्प्लेंडरवर परीक्षा देऊन दुसऱ्याच दिवशी त्याच कार्डावर साडेसहाशे किंवा हजार सीसीची गाडी रस्त्यावर आणू शकतो, त्याला अडवणारं कलम नाही. मात्र बहिणीच्या ॲक्टिव्हावर परीक्षा दिली असेल, तर नोंद 'विनागिअर' अशी होते आणि त्या कार्डावर साधी शाईनसुद्धा चालवता येत नाही. शोरूमच्या वाटेला लागण्याआधी कार्डावर काय छापलंय ते एकदा वाचावं. अपघात झाल्यावर विमा कंपनी सगळ्यात आधी तेच वाचते.

बाहेरच्या देशांत हा जिना बराच लांब आहे. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी 125 सीसी आणि 11 किलोवॉटपर्यंतची गाडी मिळते, एकोणिसाव्या वर्षी 35 किलोवॉटपर्यंतची. ताकदीचं बंधन नसलेल्या गाडीसाठी थेट परीक्षा द्यायची तर वयाची 24 वर्षं व्हावी लागतात. सिंगापुरात 200 सीसी, 400 सीसी आणि त्यापुढे अशा तीन पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीवर जाण्याआधी खालच्या पायरीवर किमान वर्षभर काढावं लागतं. जपानमध्ये साधा परवाना 400 सीसीला थांबतो. मधल्या ब्रिटिश पायरीचे 35 किलोवॉट म्हणजे साधारण 47 अश्वशक्ती, आणि रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टर 650 ची ताकद नेमकी तेवढीच. लंडनचा पोरगा ज्या गाडीसाठी दुसऱ्या परीक्षेची वाट बघतो, ती कुडाळच्या पोराला पहिल्या हप्त्यात मिळते. यात आपलं स्वातंत्र्य मोठं की जोखीम मोठी, हे ज्याचं त्याने ठरवावं. पायऱ्या पाडायचं काम मात्र इथे चालवणाऱ्यालाच करावं लागतं.

सरकारने एक रेघ ओढली आहे, पण ती तिजोरीच्या सोयीसाठी. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. त्यावरच्या गाड्यांना पूर्वी 28 टक्के आणि वर 3 टक्के उपकर होता, त्यांना सरसकट 40 टक्के लागू झाला. कारखान्यातून दीड लाखाला बाहेर पडणाऱ्या गाडीवर रेघेच्या आत 27 हजार कर बसतो आणि रेघेबाहेर 60 हजार. विम्याची रेघही तिथेच. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो. 1 जून 2022 च्या दरपत्रकात तो 150 ते 350 सीसीसाठी 7,365 रुपये आणि 350 च्या पुढे 15,117 रुपये होता, म्हणजे दुपटीहून जास्त. क्लासिक 350 चं इंजिन 349 सीसीचं आणि होंडाच्या हायनेसचं 348 सीसीचं आहे. रेघेच्या आत राहण्याची किंमत ग्राहकाला आज कळते.

'मोठी गाडी' ही कल्पना इकडे तशी जुनीच. एक काळ बुलेट, जावा आणि राजदूत यांचा होता. 1983 मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी 350 राजदूत नावाने आणली. ती धावायची भन्नाट आणि पेट्रोलही तसंच प्यायची. दोनच वर्षांनी हिरो होंडाची सीडी 100 आली आणि देशाने आपलं मत खिशाकडे बघून दिलं. पुढे 2001 मध्ये बजाजची पल्सर आली, 2013 मध्ये चाकणला बनलेली केटीएम 390 ड्यूक, आणि 2023 च्या जुलैत तर ट्रायम्फ स्पीड 400 आणि हार्ले एक्स 440 या दोन्ही गाड्या सव्वादोन लाखांच्या आसपास येऊन उभ्या राहिल्या. पूर्वी फोटोत बघायची नावं आता सावंतवाडीच्या बाजारपेठेत दिसतात. गोव्यात नोव्हेंबरात वागातोरला भरणारा रॉयल एनफिल्डचा मेळावा, पूर्वीचा रायडर मेनिया आणि आताचा मोटोव्हर्स, इथून सकाळी जाऊन रात्री परत येण्याच्या अंतरावर. तिकडून परतलेल्या पोराला घरातली शंभर सीसी एकदम लहान वाटू लागते, आणि मग घरात चर्चा सुरू होते. वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो, "ॲव्हरेज किती देता?"

त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे, ही गाडी खळ्यातून बाहेर कशी काढायची?

सिंधुदुर्गातली बरीच घरं मुख्य रस्त्यापासून आत असतात. मधे पाणंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, रुंदी जेमतेम एका रिक्षाची. खळ्यातून बाहेर पडायचं तर गाडी हाताने मागे ओढायची, चढावर तिरकी करून वळवायची, आणि पायाखाली सुकी पानं किंवा पावसाळ्यात जांभ्यावरचं शेवाळ. स्प्लेंडरचं वजन 112 किलो, क्लासिक 350 चं 195. हा 83 किलोंचा फरक महामार्गावर जाणवत नाही, तो पाणंदीत जाणवतो. मागे घेताना टाच घसरली, गाडी दहा अंश कलली, की हाताची ताकद संपते आणि गाडी सावकाश, सगळ्यांच्या देखत गडग्यावर जाऊन टेकते. क्लचची दांडी वाकते, आरसा जातो, टाकीला पोचा पडतो. नव्या गाडीचा पहिला अपघात बहुधा ताशी शून्य किलोमीटर वेगाने होतो, आणि त्याची नोंद कुठल्याही आकडेवारीत नसते.

म्हणून पहिल्या मोठ्या गाडीचा आकार सीसीत मोजणं चुकीचं आहे. सीसी फसवते. स्पीड 400 चं इंजिन 398 सीसीचं, म्हणजे क्लासिकपेक्षा मोठं, पण बाजारात आली तेव्हा तिचं वजन होतं 176 किलो. हंटर 350 क्लासिकचंच इंजिन घेऊन 181 किलोंत बसते, हायनेसही तेवढीच. इंटरसेप्टर दोनशेच्या पुढे जाते. वजन कुठे आहे हेही बघायला हवं. टाकी उंच आणि भरलेली असेल तर तेच किलो जास्त जड लागतात. सीटच्या उंचीचंही तसंच. मिटिऑर 765 मिलिमीटर, हंटर आणि सुरुवातीची स्पीड 790, क्लासिक 805, हिमालयन 450 आणि एक्सपल्स 825. पाच फूट चार इंचांच्या माणसाचे दोन्ही तळवे मिटिऑरवर आरामात टेकतात, हिमालयनवर चवड्यांवर उभं राहावं लागतं. सपाट रस्त्यावर चवडे पुरतात. पण देवबागच्या रस्त्यावर, एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीत, समोरून पर्यटकांची गाडी आली आणि कडेच्या वाळूत पाय टाकावा लागला, तर चवड्याखालची वाळू सरकते. साहसी दिसणाऱ्या उंच गाड्यांचं वेड सध्या जोरात आहे. त्या वाईट नाहीत, पण घेण्याआधी घरातल्या सगळ्यात बुटक्या चालकाला त्यावर बसवून बघावं, कारण कोकणातल्या घरात गाडी एकट्याची कधीच नसते.

आता ताकद. क्लासिकची 20 अश्वशक्ती, स्पीड 400 आणि हिमालयन 450 ची चाळीसच्या आसपास, ड्यूक 390 ची त्याहून थोडी जास्त. कागदावर हे सरळ दुप्पट दिसतं. रस्त्यावर प्रश्न एवढाच की ती वापरायची कुठे? 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार दुचाकीला चौपदरी दुभाजक रस्त्यावर ताशी 80 आणि इतर रस्त्यांवर 60 किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा कणकवली ते झाराप हा पट्टा सोडला तर जिल्ह्यातलं बहुतेक चालवणं कसाल-मालवण, मालवण-आचरा-देवगड, वेंगुर्ला-शिरोडा अशा रस्त्यांवरचं. काजूच्या झाडाआड लपलेली वळणं, वळणावर बसलेली गुरं, चिरे भरून आलेला ट्रक, मधेच गतिरोधक. इथे कमी फेऱ्यांत मिळणारी ओढ लागते. होंडाच्या हायनेसचा 30 न्यूटन मीटरचा टॉर्क 3,000 फेऱ्यांनाच मिळतो, क्लासिकचा 27 चा 4,000 ला. स्पीड 400 चा 37.5 चा टॉर्क भरपूर खरा, पण तो 6,500 ला. म्हणजे तिची खरी मजा घ्यायची तर इंजिन वर ओढावं लागतं, आणि नवा हात तसं करायला गेला की पुढचं वळण अपेक्षेपेक्षा लवकर येतं. हलकी गाडी सौम्य असतेच असं नाही. ड्यूक 390 वजनाला क्लासिकपेक्षा कमी, स्वभावाला तापट, आणि पहिली मोठी गाडी म्हणून सगळ्यात जास्त मोह तिचाच पडतो.

पावसाचा विचार न करता या किनाऱ्यावर गाडी निवडणं व्यर्थ. जूनच्या पहिल्या सरीत डांबरावरचं तेल आणि वर्षभराची लाल धूळ वर येते, तासाभरासाठी रस्ता साबणासारखा होतो. 125 सीसीवरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक झालं ते नव्या मॉडेलांना एप्रिल 2018 पासून आणि सगळ्या नव्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून. पण कायद्याचं समाधान एका चाकाच्या एबीएसनेही होतं. त्यामुळे एकाच मॉडेलच्या स्वस्त प्रकारात ते पुढच्या चाकापुरतंच असू शकतं आणि महाग प्रकारात दोन्ही चाकांना. रंग आणि क्रोमसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ते इथे मोजावेत. टायरचंही बघावं. तारांच्या चाकांना बहुधा ट्यूब असते, अलॉयला ट्यूबलेस टायर. आचरा-मिठबाव रस्त्यावर संध्याकाळी ट्यूब पंक्चर झाली तर गाडी ढकलत न्यावी लागते. ट्यूबलेसमध्ये हवा भरत घर गाठता येतं. तारांची चाकं दिसायला देखणी, पण खाऱ्या वाऱ्यात तारांच्या मुळाशी गंज सगळ्यात आधी धरतो.

घाटांची गोष्ट वेगळी. आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा, तिलारी. कोल्हापूर-बेळगावला जायचं तर यांतला एक चढावाच लागतो. चढताना साडेतीनशेची कुठलीही गाडी पुरते. कसोटी उतरताना लागते, तीही मागे माणूस आणि सामान असताना. न्यूट्रलला टाकून, पाय ब्रेकवर ठेवून उतरायची सवय शंभर सीसीवर लागलेली असते, ती इथे अंगाशी येते. जड गाडीला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाच्या बळावर रोखून धरावं लागतं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जुलैत धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि रात्री गवे रस्त्यावर येतात. दोडामार्ग-तिलारीकडे हत्तीही. सातशे किलोंच्या गव्यापुढे 20 आणि 47 अश्वशक्तीत काहीच फरक नसतो.

नवशिक्यांच्या डोक्यात सगळ्यात उशिरा येणारा विषय म्हणजे दुरुस्ती. कंपनीचं अधिकृत वर्कशॉप कुडाळ-कणकवलीत असेल तर सर्व्हिसिंग अर्ध्या दिवसाचं काम, घाट ओलांडून कोल्हापूरला किंवा सीमा ओलांडून गोव्याला असेल तर अख्खा दिवस गेला. नाव मोठं म्हणून निर्धास्त राहता येत नाही, हे महाराष्ट्राने जवळून पाहिलंय. पुण्याच्या डीएसके समूहाने ह्योसंग आणि बेनेलीच्या गाड्या आणल्या, 2018 मध्ये समूह आर्थिक गर्तेत गेला, बेनेलीला त्याच वर्षी हैदराबादचा नवा भागीदार शोधावा लागला आणि मधल्या काळात सुट्या भागांसाठी मालकांची ससेहोलपट झाली. हार्ले डेव्हिडसनने तर सप्टेंबर 2020 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, पुढच्याच महिन्यात हिरोशी करार झाला म्हणून ग्राहक वाचले. मालवणात राहणाऱ्याने बुकिंगआधी दोन गोष्टी विचाराव्यात. क्लच केबल आणि ब्रेक पॅड जवळच्या दुकानात हातोहात मिळतात का, आणि गावातला मेकॅनिक या गाडीला हात लावायला तयार आहे का. साध्या एअरकूल्ड इंजिनाला तो हो म्हणतो, संगणकावर तपासायच्या गाडीला नाही म्हणतो. त्याचं म्हणणं ऐकावं.

समुद्राकाठची गाडी धुवावी लागते, तीही गोड्या पाण्याने. चिवला किंवा तारकर्लीच्या वाळूत चाक घालून काढलेला फोटो सुंदर येतो, पण साखळीला त्याच रात्री तेल लागतं. एरवी पाचशे किलोमीटरला साखळी साफ करून तेल द्यावं, पावसाळ्यात त्याहून आधी.

पैशाचं गणितही इथलं वेगळं आहे. मालवण, तारकर्ली, देवबागच्या कितीतरी तरुणांची कमाई हंगामावर चालते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पावसाळ्यात जलक्रीडाही बंद, पर्यटक नाहीत. हप्ता मात्र जून-जुलैतही कापला जातो. पाडव्याला किंवा दसऱ्याला गाडी उचलताना हंगामाच्या कमाईवर हप्ता ठरवला, की ऑगस्टमध्ये सोनं गहाण टाकायची पाळी येते. बारा महिन्यांच्या कमाईला बाराने भागून जो आकडा येतो, त्यातून घरखर्च वजा करून हप्ता बसतो का ते बघावं. पेट्रोल शंभरी पार करून बसलंय. साडेतीनशेची गाडी लिटरला तीस-पस्तीस किलोमीटर देते, साडेसहाशेची पंचविसाच्या घरात.

म्हणूनच जुनी गाडी हा पर्याय गंभीरपणे घ्यायला हवा. पहिली मोठी गाडी एकदा तरी पडतेच, ती दुसऱ्याच्या ओरखड्यांसकट आलेली असेल तर जीव कमी जळतो. पण दोन सापळे आहेत. पहिला जुन्या कास्ट आयर्न इंजिनाच्या बुलेटचा. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असतो. आवाज ऐकून घेतलेल्या त्या गाडीवर अचानक थांबायची वेळ आली, की शिकलेला पाय गिअर दाबतो. शौक म्हणून ती ठेवावी, शिकायला नको. दुसरा सापळा गोव्याच्या पाटीचा. पलीकडे कर कमी म्हणून जीए पाटीच्या गाड्या स्वस्त वाटतात, पण एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर ना हरकत प्रमाणपत्र, एमएच 07 ची नवी नोंदणी आणि इथला कर हे सगळं आलंच. तो खर्च धरून किंमत बघावी. किनाऱ्यावरची जुनी गाडी बघताना टाकीखालचा सांगाडा, सायलेन्सरचा सांधा आणि मागच्या चाकाचा दांडा हात फिरवून तपासावा. रंगाच्या फुगवट्याखाली गंज लपलेला असतो. साडी गार्ड काढून टाकला असेल तर तो परत बसवायला सांगावं. तो नियमाने सक्तीचा आहे, आणि मागे आई बसणार असते.

हेल्मेटचा खर्च गाडीच्या किमतीत धरावा, दोन हेल्मेटचा. 2022 मध्ये देशभरात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली, त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले 50,029 आणि त्यांत मागे बसलेले 14,337. मोटार वाहन कायद्याने मागच्यालाही हेल्मेट सक्तीचं आहे, न घातल्यास हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. बाजारात रस्त्याकडेला दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारी टोपी ही दंड चुकवायची सोय आहे, डोकं वाचवायची नव्हे. आयएसआय शिक्का बघून, मापाचं, हनुवटीपर्यंत झाकणारं घ्यावं.

मग घ्यावी कुठली? मालवण किनाऱ्यावर राहून रोज कामाला, आठवड्याला कुडाळ-कणकवली आणि महिन्याकाठी एखादा घाट असा वापर असेल, तर हंटर 350 किंवा होंडाची हायनेस यांच्यापुढे बघायचं कारण नाही. वजन आटोक्यात, करविम्याच्या रेघेच्या आत, ओढ खालून. उंची कमी असलेल्यांनी मिटिऑर बसून बघावी, पण तिचं 191 किलो वजन पाणंदीत मागे ओढून पाहिल्याशिवाय नाही. क्लासिक सुंदर आहे, पण ती बऱ्याचदा लोकांनी बघावं म्हणून घेतली जाते. कच्च्या वाटा आणि सडे धुंडाळायचा नाद असेल आणि उंची असेल, तर साधारण 158 किलोंची एक्सपल्स हिमालयनपेक्षा आधी यावी. स्पीड 400 आणि हिमालयन 450 या दुसऱ्या पावसानंतरच्या गाड्या, इंटरसेप्टर त्याहून पुढची. बुकिंग करण्याआधी शोरूमवाल्याला सपाट रस्त्यावरची दोन मिनिटांची चक्कर नको म्हणून सांगा. मागे माणूस बसवून चढावर थांबा, तिथूनच गाडी वळवा, उतरून ती हाताने मागे घ्या. एवढं करू देत नसेल, तर दुसरं शोरूम गाठा.